मॉडेल काल बिल्ड होत होतं, आज होत नाही: जीफोर्ट्रान, नेटसीडीएफ आणि एमपीआयच्या आवृत्त्यांचा घोळ

लक्षणं तीन तऱ्हांची असतात. गेल्या हंगामात निमूटपणे बिल्ड होणारा फोर्ट्रानचा कोड 'यूज नेटसीडीएफ' (डेटा फाइली वाचण्या-लिहिण्याची लायब्ररी वापर) या पहिल्याच ओळीवर अडतो. किंवा सगळ्या फाइली कंपाइल होतात आणि शेवटी सगळे तुकडे जोडणारा लिंकर पानभर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' ओकतो. किंवा बिल्ड सुखरूप पार पडतो, पण चालवायला गेलं की 'लिबजीफोर्ट्रान डॉट एसओ डॉट ४ (जीफोर्ट्रान या फोर्ट्रान कंपायलरची लायब्ररी) सापडत नाही' म्हणून प्रोग्राम उठायच्या आधीच बसतो. कोडमध्ये कोणी स्वल्पविरामही हलवलेला नसतो.

आमच्याकडे मांडवी-जुवारीच्या मुखांपासून कुंभारजुवे कालव्यापर्यंतच्या भरती-ओहोटीचं मॉडेल चालतं, आणि ज्या मशिनांवर ते चालतं ती सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. ही तक्रार येण्याचे दोन मोसम ठरलेले आहेत. एक, पावसाळ्याच्या तोंडावर नवी मुलं प्रोजेक्टला येतात तेव्हा. दुसरा चवथीनंतर, कारण सगळे गावी गेलेले असतात त्या सुट्टीत मशिनं अपग्रेड होतात आणि परत आल्यावर कोणाचंच काही बिल्ड होत नाही.

अशा वेळी कोड उघडून बसू नका. एरर कोडच्या ओळीवर दिसतो, पण दोष बहुतेक वेळा कोडमध्ये नसतो. एका गावच्या कुडवानं मापलेलं भात दुसऱ्या गावच्या कुडवानं मापलं तर कमी-जास्त भरणारच, त्यात भाताचा काय दोष? आपल्या बिल्डमध्ये कंपायलर एकटा नसतो. नेटसीडीएफ कोणत्या तरी कंपायलरनं बांधलेलं असतं, त्याच्या खालची एचडीएफ५ लायब्ररी दुसऱ्या कोणत्या तरी, अनेक प्रोसेसरांवर काम वाटणारी एमपीआय तिसऱ्या. तेव्हा पहिलं काम म्हणजे प्रत्येकाला विचारणं: बाबा रे, तुला कोणी बांधलं?

कोण कुठून येतं ते बघा

'व्हिच जीफोर्ट्रान' विचारू नका, 'टाइप -ए जीफोर्ट्रान' विचारा. 'व्हिच' पाथमधला पहिला सापडलेला सांगून गप्प बसतो. 'टाइप -ए' सगळे दाखवतो, आणि यादीत दोन नावं आली की निम्मं निदान तिथेच होतं. नुकताच पाथ बदलला असेल तर 'हॅश -आर' द्या, कारण शेल जुना पत्ता लक्षात ठेवतो आणि तुम्ही नवा पाथ दिलात तरी जुन्याच दारात जाऊन उभा राहतो.

मग एमपीआयकडे वळा. 'एमपीआयएफ९०' हा कंपायलर नाहीच, तो आवरण आहे. आत खरा कंपायलर दडलेला असतो. एमपीआयसीएच असेल तर 'एमपीआयएफ९० -शो', ओपन एमपीआय असेल तर 'एमपीआयएफ९० --शोमी'. जी लांबलचक ओळ छापली जाते तिचा पहिला शब्द हा खरा कंपायलर. एचडीएफ५ साठी 'एच५एफसी -शो' तेच काम करतो. नेटसीडीएफला 'एनएफ-कॉन्फिग --एफसी' विचारता येतं, पण इथे एक फट आहे: उत्तर बऱ्याचदा नुसतं 'जीफोर्ट्रान' असं येतं, कितवा ते कळत नाही. आडनाव सांगितलं, घर सांगितलं नाही.

घर शोधायची खात्रीची जागा म्हणजे मॉड फाइल, कंपायलर प्रत्येक मॉड्यूलसाठी लिहून ठेवतो ती. जीफोर्ट्रान ४.९ पासून या फाइली जीझिपनं दाबलेल्या असतात, म्हणून एडिटरमध्ये उघडल्या तर कचरा दिसतो आणि लोकांना वाटतं फाइल खराब झाली. 'झीकॅट नेटसीडीएफ डॉट मॉड' करून पहिली ओळ वाचा. 'जीफोर्ट्रान मॉड्यूल व्हर्जन' आणि पुढे आकडा दिसेल. हा आकडा कंपायलरचा नव्हे, मॉड फाइलच्या साच्याचा आहे. जीसीसी (जीफोर्ट्रान ज्या कंपायलर-संचाचा भाग आहे तो; दोघांचा आकडा एकच) ८ ते १४ या सगळ्यांचा साचा १५. त्याआधीच्या जीसीसी ७ चा १४. जीसीसी १५ नं साचा पुन्हा बदलला. तो जुन्या, म्हणजे ८ पासूनच्या मॉड फाइली वाचतो, पण त्यानं लिहिलेल्या फाइली जुन्यांना वाचता येत नाहीत.

लायब्ररी आपणच बांधलेली असेल तर 'रीडएल्फ -पी डॉट कॉमेंट' देऊन एसओ फाइलला विचारा, कंपायलरची पूर्ण आवृत्ती आत लिहिलेली सापडते. उबुंटू किंवा डेबियनच्या पॅकेजमधून आलेल्या लायब्ररीत हा भाग पॅकेज करतानाच काढून टाकलेला असतो. तिथे काही दिसलं नाही म्हणून घाबरू नका. पॅकेजच्या लायब्ररी त्या उबुंटूच्या मूळ कंपायलरनंच बांधलेल्या असतात. २०.०४ मध्ये जीसीसी ९, २२.०४ मध्ये ११, २४.०४ मध्ये १३. एवढे तीन आकडे भिंतीवर लिहून ठेवले तरी पुष्कळ भांडणं मिटतात.

कोंडा

नव्या मुलांच्या तक्रारीत सगळ्यात जास्त वेळा निघणारं कारण हेच, म्हणजे कोंडा हे पायथनची पॅकेजं बसवणारं साधन, म्हणून यावर थोडं थांबतो. संवाद साधारण असा होतो:

"सर, काल बिल्ड व्हायचं. मी कायच बदललं नाही."

"काहीच नाही? नवीन काही घातलंस का मशिनवर?"

"नाही सर. म्हणजे प्लॉटिंगसाठी कोंडा घातला, पण तो पायथनचा. त्याचा फोर्ट्रानशी काय संबंध?"

संबंध असा, की पायथनला नेटसीडीएफ फाइली वाचायच्या तर कोंडा स्वतःची सी-मधली नेटसीडीएफ आणि एचडीएफ५ लायब्ररी घेऊन येतो, आणि तिच्याबरोबर 'एनसी-कॉन्फिग'ही त्या एन्व्हायर्नमेंटच्या बिनमध्ये येऊन बसतो. कोंडाचा बिन पाथमध्ये सर्वांत पुढे. आता मेकफाइलनं 'एनसी-कॉन्फिग'ला विचारलं की उत्तर कोंडाकडून येतं, 'एनएफ-कॉन्फिग'ला विचारलं की सिस्टीमकडून. सी-ची लायब्ररी एका घरची, फोर्ट्रानची दुसऱ्या घरची, कंपायलर तिसऱ्याच. कोणी कोंडाचे कंपायलर पॅकेजही घातले असेल तर एन्व्हायर्नमेंट चालू होताच 'सीसी', 'एफसी' अशी चलं आपोआप भरली जातात. मेकफाइल ती निमूट उचलते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

तपासायला सोपं आहे: नवं टर्मिनल उघडल्यावर प्रॉम्प्टच्या आधी कंसात 'बेस' दिसतो का ते बघा. दिसत असेल तर कोंडा लॉगिनबरोबरच जागा होतोय. 'कोंडा कॉन्फिग --सेट ऑटो_ॲक्टिव्हेट_बेस फॉल्स' देऊन ते बंद करा, टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा, आणि मॉडेल बिल्ड करायचं ते या स्वच्छ शेलमध्येच. प्लॉट काढायचा तेव्हा कोंडा हातानं चालू करा. आमच्याकडे हा नियम सगळ्यांना आहे, अगदी ज्येष्ठ शास्त्रज्ञांनाही. त्यांना तो आवडत नाही.

मेसेज काय सांगतो

'नेटसीडीएफ डॉट मॉड ही जीएनयू फोर्ट्रानची मॉड्यूल फाइल नाही' असा मेसेज आला तर ती फाइल दुसऱ्याच घराण्याच्या कंपायलरनं, बहुधा इंटेलच्या, लिहिलेली आहे. इंटेलनं जुना 'आयफोर्ट' २०२५ च्या वनएपीआयमधून काढून टाकला, आता 'आयएफएक्स' आहे. त्यामुळे जुन्या क्लस्टरवरून कोणी लायब्ररीचा अख्खा फोल्डर कॉपी करून आणला असेल तर हे होणारच. तडजोड नाही, लायब्ररी जीफोर्ट्राननं नव्यानं बांधायची.

'ही मॉड फाइल जीएनयू फोर्ट्रानच्या वेगळ्या आवृत्तीनं बनवलेली आहे' असं आलं तर घराणं एक, पण साचा वेगळा. म्हणजे ७ आणि ८ मधली सीमा किंवा १४ आणि १५ मधली. हा मेसेज आला तर नशीब समजा, कारण ८ ते १४ या पट्ट्यात साचा एकच असल्यानं कंपायलर काहीच बोलत नाही. बहुतेक वेळा चालूनही जातं. नाही चाललं तर ते प्रोग्राम सुरू करताना कळतं: 'लिबजीफोर्ट्रान डॉट एसओ डॉट ५ मध्ये जीफोर्ट्रान_१० ही आवृत्ती सापडली नाही'. याचा अर्थ बिल्ड नव्या कंपायलरनं झालाय आणि चालताना लायब्ररी जुनी सापडतेय. 'एलडीडी' लावून बघा, ती कुठून उचलली जातेय ते लगेच दिसतं.

'अनडिफाइन्ड रेफरन्स' येतो तेव्हा पुढचं नाव नीट वाचा. जीफोर्ट्रान मॉड्यूलमधल्या फंक्शनचं नाव 'नेटसीडीएफ_मॉड_एनएफ९०_ओपन' अशा थाटात करतो, आधी दोन अधोरेषा लावून. इंटेल तेच 'नेटसीडीएफ_एमपी_एनएफ९०_ओपन' असं, शेवटी एक अधोरेषा लावून. 'एनएम -डी' नं लायब्ररीत कोणतं नाव आहे ते बघा. आत 'मॉड'ऐवजी 'एमपी' असेल तर कंपायलर वेगळा. 'मॉड'च असेल तर कंपायलरचा काही दोष नाही, तुम्ही लायब्ररी लिंक करायलाच विसरलात किंवा क्रम चुकलाय. नेटसीडीएफ ४.२ पासून फोर्ट्रानचा भाग वेगळ्या लायब्ररीत गेला, तेव्हा '-एलनेटसीडीएफएफ' आधी आणि '-एलनेटसीडीएफ' नंतर, आणि दोन्ही ऑब्जेक्ट फाइलींच्या नंतर. पाथचा सगळा गुंता सोडवून झाल्यावर शेवटी दोष एका 'एफ'चा निघाल्याचं मी इतक्यांदा पाहिलंय, की आता हे आधी तपासतो.

'लिबजीफोर्ट्रान डॉट एसओ डॉट ४ सापडत नाही' म्हणजे बायनरी जीसीसी ७ ची आहे. डॉट ३ असेल तर ६ किंवा त्याआधीची. ८ पासून डॉट ५. इथे इंटरनेटवर सर्रास सापडणारा एक उपाय आहे, डॉट ५ ला डॉट ४ नावाचा दुवा जोडून द्यायचा. असं करू नका. जीसीसी ८ नं ॲरेची माहिती आत ठेवण्याची मांडणीच बदलली, म्हणूनच तर लायब्ररीचा आकडा वाढवला. दुवा जोडल्यावर प्रोग्राम सुरू होईलही, पण भरतीची पातळी म्हणून जे आकडे बाहेर पडतील त्यांच्यावर मी तरी होडी सोडणार नाही.

'जीलिबसी_२.३४ सापडलं नाही' हा मेसेज कंपायलरचा वाटतो, पण तो सिस्टीमच्या सी लायब्ररीचा आहे. २२.०४ वर जीलिबसी २.३५ असतं, २०.०४ वर २.३१. नव्या मशिनवर बांधलेली बायनरी जुन्या मशिनवर नेली की हेच होतं. उलट्या दिशेनं नेली तर सहसा चालते. म्हणून सगळ्यांसाठी एकच बायनरी द्यायची असेल तर ती आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या मशिनवर बांधा.

आणि एक मेसेज असा, की ज्यात आवृत्त्यांची जुळणी बरोबर असूनही बिल्ड मोडतो: 'टाइप मिसमॅच बिटवीन ॲक्च्युअल आर्ग्युमेंट', किंवा 'रँक मिसमॅच'. जीसीसी १० नं नियम कडक केला. एकाच फाइलमध्ये एकच बाहेरचं सबरूटीन एकदा रिअल ॲरे देऊन आणि एकदा इंटिजर देऊन बोलावलं तर आधी तो कानाडोळा करायचा, आता एरर देतो. जुना एमपीआय कोड तर असाच लिहिलेला असतो. उबुंटू २०.०४ चा नियमित आधार २०२५ मध्ये संपला, लोक ९ वरून थेट ११ वर गेले, मधला १० कधी ओलांडला कळलंच नाही, आणि बरोबर तिथेच हा दगड होता. '-एफअलाऊ-आर्ग्युमेंट-मिसमॅच' दिलं की एररचा वॉर्निंग होतो. जुन्या एमपीआयसीएचचा कॉन्फिगरही याच कारणानं थांबतो, तिथे हा पर्याय कॉन्फिगरच्या आधी 'एफफ्लॅग्ज' मध्ये द्यावा लागतो. तात्पुरतं ठीक आहे. पण नवा कोड असेल तर '%व्हॅल' सारख्या पळवाटांपेक्षा 'यूज एमपीआय' लिहून नीट दुरुस्त करा; या वॉर्निंगांच्या ढिगात कधीतरी एक खरी चूकही दडलेली असते.

पुसायचं म्हणजे सगळं पुसायचं

कंपायलर बदलला तरी 'मेक'ला त्याचं सोयरसुतक नसतं. तो फक्त फाइलींच्या वेळा बघतो. जुन्या कंपायलरनं बनवलेली ऑब्जेक्ट फाइल सोर्सपेक्षा नवी असेल तर तो तिला हात लावत नाही, आणि एकाच बिल्डमध्ये दोन कंपायलरांचा माल एकत्र येतो. 'मेक क्लीन' केलं म्हणून निर्धास्त होऊ नका; बऱ्याच मॉडेलांच्या मेकफाइलमधला 'क्लीन' ऑब्जेक्ट पुसतो पण मॉड फाइली विसरतो. 'फाइंड' लावून मॉड आणि ओ दोन्ही शोधा आणि काढा.

सीमेक असेल तर त्याचा कॅश हा वेगळाच हट्टी माणूस. पहिल्या कॉन्फिगरला जो कंपायलर सापडला तो 'सीमेककॅश डॉट टीएक्सटी' मध्ये नोंदवला जातो. नंतर तुम्ही 'एफसी' चल बदललंत तरी तो ऐकत नाही. बिल्ड फोल्डर पूर्ण काढा. सीमेक ३.२४ पासून '--फ्रेश' हा पर्याय आहे, तो कॅश टाकून नव्यानं सुरू करतो.

पुन्हा पुन्हा होऊ नये म्हणून

'अपडेट-अल्टर्नेटिव्ह्ज' नं सिस्टीमचा कंपायलर मागे-पुढे करत बसणं हा मला न आवडणारा उपाय आहे. आज एकासाठी ९ केला, उद्या दुसऱ्याचा ११ वरचा बिल्ड मोडतो, आणि पॅकेजच्या लायब्ररी तर मूळ कंपायलरच्याच राहतात. तसंच 'ओएमपीआय_एफसी' चल देऊन एमपीआयच्या आवरणातला कंपायलर बदलता येतो, पण 'एमपीआय डॉट मॉड' जुन्याचीच राहते. बाहेरून पोशाख बदलला, आतलं सगळं तेच.

आम्ही केलंय ते असं. ज्या मशिनवर जे प्रोजेक्ट चालतं त्याच्यासाठी एक कंपायलर ठरवायचा, आणि त्याला आकड्यासकट नावानं हाक मारायची: 'जीफोर्ट्रान-११', नुसतं 'जीफोर्ट्रान' नाही. सगळ्या लायब्ररी त्याच कंपायलरनं सोर्समधून बांधायच्या आणि '/ऑप्ट/जीसीसी११' अशा फोल्डरमध्ये ठेवायच्या. क्रम ठरलेला आहे: आधी झेडलिब, एमपीआय, मग एचडीएफ५, मग नेटसीडीएफ-सी, शेवटी नेटसीडीएफ-फोर्ट्रान. समांतर एचडीएफ५ हवं असेल तर एमपीआय आधी पाहिजेच. पुढे जीसीसी १३ वर जायची वेळ आली की '/ऑप्ट/जीसीसी१३' हे नवं झाड उभं राहतं, जुन्याला कोणी हात लावत नाही. प्रत्येक झाडासाठी एन्व्हायर्नमेंट मॉड्यूलची एक फाइल. 'मॉड्यूल लोड' केलं की पाथ, 'एफसी', 'एनएफ-कॉन्फिग' सगळं एकाच घरचं येतं, आणि एका वेळी एकच झाड चढू शकेल अशी अट त्या फाइलीतच घालता येते. 'एलडी_लायब्ररी_पाथ' शक्यतो टाळतो. लिंक करतानाच '-आरपाथ' देऊन लायब्ररीचा पत्ता बायनरीत कोरतो, म्हणजे चालवणाऱ्याला ते चल भरावं लागत नाही.

मेकफाइलच्या सुरुवातीला एक पहारेकरी बसवला आहे: कंपायलरची आवृत्ती विचारायची, ठरलेली नसेल तर तिथेच थांबायचं. यासाठी '-डंपव्हर्जन' वापराल तर उबुंटूवर नुसता '११' येतो, पूर्ण '११.४.०' हवं असेल तर '-डंपफुलव्हर्जन'. पहाऱ्याला मुख्य आकडा पुरतो, पण पूर्ण आकडा, 'एनएफ-कॉन्फिग --ऑल' चं उत्तर आणि 'एमपीआयएफ९० -शो' ची ओळ बिल्डच्या लॉगमध्ये छापून ठेवा. मदत मागायला याल तेव्हा स्क्रीनचा फोटो पाठवू नका, हा लॉग पाठवा.

दुसऱ्या संस्थेतल्या सहकाऱ्याला मॉडेल द्यायचं असेल तर कंटेनर, म्हणजे मॉडेल आणि त्याच्या सगळ्या लायब्ररी एकत्र बांधलेली पेटी, बरा. सामायिक मशिनांवर रूटचा हक्क मिळत नाही, तिथे डॉकरपेक्षा ॲपटेनर सोयीचा पडतो. २०२१ पर्यंत त्याला सिंग्युलॅरिटी म्हणत. फक्त कंटेनरच्या आतला एमपीआय आणि क्लस्टरचा एमपीआय यांची जुळणी पुन्हा बघावी लागते, म्हणजे हाच लेख तिथे नव्यानं लागू होतो.

जुळलं, चाललं, पण आकडे वेगळे

नव्या कंपायलरनं बांधलेल्या मॉडेलचे आकडे जुन्याशी शेवटच्या घरापर्यंत जुळतील अशी अपेक्षा ठेवू नका. ऑप्टिमायझेशनमध्ये बेरजांचा क्रम बदलतो, गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत केली जाते, आणि दूरच्या दशांशात फरक पडतो. तुलना 'डिफ' नं नव्हे, ठरवलेल्या सहिष्णुतेनं करा. आधी '-ओ०' वर दोन्ही बांधून बघा. तिथे जवळपास जुळत असतील आणि '-ओ३' वर फरक वाढत असेल तर तो ऑप्टिमायझेशनचा. '-ओ०' वरच पातळीत सेंटिमीटरांचा फरक दिसला तर मात्र शोध घ्या, बहुधा न भरलेलं एखादं चल जुन्या कंपायलरच्या कृपेनं शून्य निघत होतं. '-एफचेक=ऑल' आणि '-एफइनिट-रिअल=एसनॅन' सोबत '-एफएफपीई-ट्रॅप=इनव्हॅलिड' लावलं की ते पकडलं जातं.

'इललीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून प्रोग्राम पडला तर '-मार्च=नेटिव्ह' काढा. नव्या प्रोसेसरवर बांधलेली बायनरी जुन्या प्रोसेसरवर गेली आहे.

आणि पावसाळ्यात फोंड्याकडे वीज जशी जाते तशी बिल्डच्या मध्यात गेली असेल, आणि नंतर लिंकर 'फाइल नॉट रेकग्नाइझ्ड: फाइल ट्रंकेटेड' म्हणत असेल, तर वरचं काहीही करायची गरज नाही. अर्धवट लिहिलेली ती एक ऑब्जेक्ट फाइल पुसा, 'मेक' पुन्हा चालवा.